मापात पाप : मदिनेच्या बाजारापासून पेट्रोल पंपापर्यंत

‘मापात पाप’ असं आपण मराठीत सहज म्हणून जातो. दूधवाल्याचं माप काठापर्यंत भरलं नाही, भाजीवाल्यानं तराजूला बोट लावलं, पंपावर काटा पळाला पण टाकीत तेवढं पेट्रोल उतरलं नाही, की तोंडातून हेच दोन शब्द निघतात. मापातली लबाडी हे पाप आहे, हे मराठी माणसानं भाषेतच ठरवून टाकलंय.

अरबीत या पापाला स्वतंत्र शब्द आहे, ततफीफ. ते करणारा मुतफ्फिफ. कुरआनमधली ८३ वी सूरह याच लोकांच्या नावानं आहे, सूरह अल्-मुतफ्फिफीन. ती अम्म पाऱ्यात येते, म्हणून आपली पुष्कळ मुलं ती लहानपणीच पाठ करतात. मी उर्दू आणि मराठी दोन्ही शिकवते. शब्दाचं मूळ शोधायची सवय धंद्यामुळेच लागली आहे, म्हणून या शब्दापासून सुरुवात करते. शब्दकोशकार त्याचा संबंध ‘तफीफ’शी जोडतात. तफीफ म्हणजे किरकोळ, क्षुल्लक, चिमूटभर. म्हणजे मुतफ्फिफ हा घर फोडणारा दरोडेखोर नव्हे. तो प्रत्येक गिऱ्हाइकाचं इतकं थोडं काढतो की गिऱ्हाइकाला कळत नाही, आणि कळलं तरी भांडायची लाज वाटते.

पेट्रोल पंपावरची चोरी नेमकी अशी आहे. लिटरमागे पन्नास मिलीसाठी मागच्या रांगेला थांबवून कोण भांडेल? हाच हिशेब चोरानंही केलेला असतो. आपल्याकडे या विषयावर बोलणं होतं ते ‘सगळेच चोर’ इथं सुरू होतं आणि तिथंच संपतं. मला त्याचा इतिहास बघावासा वाटला. माप राखायचं कोणी, कसं, आणि ते राखताना काय किंमत मोजावी लागली, हा प्रश्न चौदाशे वर्षांचा तरी आहेच.

मदिनेचा बाजार

हजरत शुऐब (अलै.) यांची मदयनमधली कौम आठवा. कुरआनमध्ये त्यांचा उल्लेख अनेक ठिकाणी येतो. एका अल्लाहची इबादत करा, हे सांगितल्यावर त्यांच्या दावतीत लगेच माप आणि वजन पूर्ण देण्याची गोष्ट येते. तौहीद आणि तराजू इतके जवळजवळ ठेवलेले आहेत. सूरह रहमानमध्येही आकाश उंचावण्याच्या सोबतीनं मीज़ानचा, म्हणजे तराजूचा उल्लेख आहे.

पैगंबर मुहम्मद (सल्ल.) मदिनेला आले तेव्हा तिथल्या लोकांची मापं फार वाईट होती आणि सूरह मुतफ्फिफीन उतरल्यावर ती सुधारली, अशी रिवायत हजरत इब्न अब्बास (रजि.) यांच्याकडून आलेली आहे. सूरहच्या सुरुवातीला या लोकांची जी ओळख दिली आहे तिला दोन बाजू आहेत. स्वतः घेताना ते माप भरून घेतात, आणि दुसऱ्याला देताना कमी देतात. या दोन्ही बाजू लक्षात ठेवा, पुढे पंपावर त्यांची गरज पडणार आहे.

धान्याच्या ढिगाची हदीस सर्वांना माहीत असते. पैगंबर (सल्ल.) बाजारातून जात होते. एका ढिगात त्यांनी हात खोलवर घातला, तर बोटांना ओल लागली. विक्रेत्यानं पावसाचं कारण सांगितलं. त्यावर त्यांनी विचारलं की मग ओलं धान्य वर, लोकांना दिसेल असं का ठेवलं नाही. आणि फसवणारा आपल्यातला नाही, असं बजावलं. सहीह मुस्लिममधल्या या हदीसमधून आपण सहसा शेवटचा इशारा लक्षात ठेवतो. मला त्यातला हात जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांनी वरवर बघून विश्वास ठेवला नाही, ढिगाच्या आत हात घालून पाहिलं. तपासणी ही सुन्नत आहे.

दुसरी हदीस याच्या उलट बाजूची. पैसे घेऊन वजन करून देणाऱ्या एका माणसाला पैगंबर (सल्ल.) यांनी सांगितलं की तोल आणि पारडं जरा झुकू दे. मराठीत ‘झुकतं माप देणं’ हा वाक्प्रचार आज पक्षपात करणं या अर्थानं वापरला जातो. बाजारात त्याचा अर्थ चांगलाच होता. गिऱ्हाइकाच्या पदरात चार दाणे जास्त पडू देणं, ही दुकानदाराची पत होती. पायलीवर शीग लावून देणारा वाणी गावात मान मिळवायचा.

पुढं हे काम एका अधिकाऱ्याकडे गेलं. हजरत उमर (रजि.) यांनी मदिनेच्या बाजारावर देखरेखीसाठी शिफा बिन्त अब्दुल्लाह या बाईंना नेमलं होतं, असं परंपरेत सांगितलं जातं. सर्वच विद्वान ते मान्य करत नाहीत, पण लिहिता-वाचता येणाऱ्या, लोकांना शिकवणाऱ्या या सहाबियांचं नाव बाजाराशी जोडलं गेलं, हे आपल्या मुलींना सांगण्यासारखं आहे. नंतरच्या काळात या पदाला मुहतसिब हे नाव आलं आणि त्याच्या कामाला हिस्बा. अकराव्या शतकातल्या अल-मावर्दी यांच्या राज्यव्यवस्थेवरच्या ग्रंथात हिस्ब्यावर वेगळं प्रकरण आहे. पुढे सीरिया आणि इजिप्तमध्ये मुहतसिबांसाठी खास हस्तपुस्तिका लिहिल्या गेल्या. कोणत्या धंद्यात कशी लबाडी होते आणि ती कशी पकडायची, याची त्यात तपशीलवार माहिती असे. मापातल्या लबाडीला कुरआननं ठरावीक शिक्षा सांगितलेली नाही. ती ताज़ीरमध्ये येते, म्हणजे शिक्षा किती द्यायची हे त्या वेळच्या अधिकाऱ्यावर सोपवलेलं आहे.

एक वस्तू मला या इतिहासात फार बोलकी वाटते. उमय्या काळातल्या इजिप्तमध्ये काचेची वजनं बनत आणि मापांच्या भांड्यांवर काचेचे शिक्के बसवत, त्यावर राज्यपालाचं नाव असे. ती वजनं आणि शिक्के आज जगभरातल्या संग्रहालयांत आहेत. काचच का? लोखंड किंवा पितळ कानशीनं घासून हलकं करता येतं आणि ते चटकन कळत नाही. काच घासली की ओरखडा दिसतो, मोडली की तुकडा दिसतो. आज पंपाच्या मीटरवर निरीक्षक तार ओवून शिशाचं सील ठोकतो, त्यामागं विचार हाच आहे. छेडछाड करता येणार नाही असं माप बनवणं कठीण. छेडछाड केली तर दिसेल असं माप बनवता येतं.

दिल्लीची मुलं

अलाउद्दीन खिलजी महाराष्ट्राला माहीत आहे तो देवगिरीवरच्या स्वारीमुळे, आणि अलीकडे सिनेमामुळे. त्याचा बचाव करण्याचं मला काही कारण नाही. पण मापाच्या इतिहासात त्याला ओलांडून जाता येत नाही. त्याच्या मृत्यूनंतर सुमारे चाळीस वर्षांनी ज़ियाउद्दीन बरनी यांनी ‘तारीख-ए-फ़ीरोज़शाही’ लिहिली. तिच्यात दिल्लीच्या बाजारभावांच्या बंदोबस्ताचं वर्णन आहे. धान्याच्या मंडईवर शहना म्हणून मलिक क़बूल, आणि बाजारांच्या एकूण देखरेखीवर याक़ूब नावाचा कडक अधिकारी.

भाव ठरवून दिले तेव्हा दुकानदारांनी भाव पाळले आणि वजन मारलं. हे आजही तसंच आहे. दर सरकारी फलकावर लिहिलेला असेल तर चोरीला जागा उरते ती मापात. त्यावर सुलतानाचा उपाय असा होता: लहान मुलांना थोडे पैसे देऊन बाजारात पाठवायचं. एकानं रोटी आणायची, दुसऱ्यानं हलवा, तिसऱ्यानं आणखी काही. आणलेला माल सरकारी वजनानं तोलायचा. दुकानदाराला वाटायचं, पोर आहे, याला काय कळतंय. तूट निघाली की शिक्षा ठरलेली. वजनात जितकी तूट, तितकं मांस त्याच्या अंगावरून कापलं जाई, असं बरनी लिहितात.

शिक्षा वाचून अंगावर काटा येतो, आणि यायलाच हवा. बहुतेक लोक ही गोष्ट सांगतात तेव्हा शिक्षेवरच थांबतात, आणि ‘असंच पाहिजे’ म्हणतात. पण ती व्यवस्था टिकली किती? १३१६ मध्ये सुलतान वारला. त्याचा मुलगा क़ुतुबुद्दीन मुबारक गादीवर आल्यावर बाजारभावांचा सगळा बंदोबस्त कोसळला, हेही बरनींनीच लिहून ठेवलंय. भीतीवर उभं केलेलं माप सुलतानाच्या आयुष्याएवढंच जगलं. या प्रकरणातून घेण्यासारखी गोष्ट सुरा नसून मुलं आहेत. तपासणारा कोण आहे हे दुकानदाराला ओळखू आलं नाही, तरच खरं माप कळतं. सातशे वर्षांनंतर आपल्याकडचे पोलीस पंपावर साध्या कपड्यांतलं बनावट गिऱ्हाईक पाठवतात, ते त्या मुलांचेच वारस.

पुढं मोगल काळात ‘आईन-ए-अकबरी’त कोतवालाच्या कामांमध्ये वजनमापांवरची देखरेख नोंदवलेली आहे. पेशवाईतल्या पुण्यातही बाजारातली वजनं-मापं तपासणं कोतवालीकडेच होतं. राज्य कोणाचंही असो, शेर आणि पायलीवर सरकारचा शिक्का हवा, हे सगळ्यांनी मानलं. स्वतंत्र भारतात १९५६ चा वजनमापांचा कायदा आला, मग किलो-लिटर आले, आणि आज आपल्याकडे जो कायदा आहे तो वैध मापन शास्त्र कायदा, २००९. तो १ एप्रिल २०११ पासून लागू झाला. मुहतसिबाचं आजचं नाव महाराष्ट्रात ‘निरीक्षक, वैध मापन शास्त्र’ असं आहे.

डोळ्यांसमोरून माप गेलं

धान्याची पायली डोळ्यांसमोर भरायची. रॉकेलवालाही लिटरचं डबडं समोर ओतायचा. अगदी जुन्या पेट्रोल पंपांना वर काचेचं भांडं असायचं. हातानं दांडा मारून पेट्रोल त्यात चढवायचं, गिऱ्हाइकानं खूण बघायची, मग ते नळीनं टाकीत उतरायचं. गाड्या वाढल्या तशी ती काच गेली आणि आकडे आले. आज आपण पेट्रोल बघतच नाही, आपण आकडा बघतो.

तो आकडा कसा तयार होतो, ते साध्या शब्दांत सांगते. जमिनीखालच्या टाकीतून इंधन ओढलं जातं आणि यंत्रातल्या मीटरमध्ये येतं. मीटरमध्ये ठरावीक आकाराचे कप्पे भरतात आणि रिकामे होतात, तसा एक दांडा फिरतो. दांड्याला पल्सर नावाचा भाग जोडलेला असतो. दांडा जितका फिरेल तितके विजेचे ठोके तो आतल्या सर्किटला पाठवतो. सर्किट ते ठोके मोजतं, त्याचे लिटर करतं, दरानं गुणतं आणि पडद्यावर दाखवतं. म्हणजे मोजमाप दोन ठिकाणी होतं: लोखंडात आणि सर्किटमध्ये. लोखंडाला सील असतं. चोरी सर्किटमध्ये शिरली.

२७ एप्रिल २०१७ च्या रात्री उत्तर प्रदेशच्या विशेष कृती दलानं लखनौमधल्या काही पंपांवर एकाच वेळी छापे घातले. यंत्रांच्या आत एक छोटी चिप बसवलेली सापडली. तिचा रिमोट पंपावरच्या माणसाकडे. चिप चालू असेल तेव्हा जितकं पेट्रोल नळीतून जायचं त्यापेक्षा जास्त ठोके मोजले जायचे. लिटरमागे साधारण पन्नास मिली, म्हणजे पाच टक्क्यांच्या आसपास तूट. हे काम करून देणारा एक इलेक्ट्रिशियन आधी पकडला गेला होता, त्याच्या जबाबावरून पुढचं उलगडलं. हे धागे आपल्या राज्यापर्यंत आले. जून २०१७ पासून ठाणे पोलिसांच्या गुन्हे शाखेनं ठाण्यासह अनेक जिल्ह्यांतल्या पंपांवर छापे घातले. यंत्रातले पल्सर आणि सर्किटचे भाग बदललेले सापडले, पंपांना सील लागलं, ते बदलून देणाऱ्या जाणकार तंत्रज्ञांना अटक झाली.

या प्रकारात नवीन काय होतं? वजन घासलेला वाणी मुहतसिब आल्यावर पकडला जायचा, कारण त्याचं वजन गिऱ्हाइकासमोर आणि मुहतसिबासमोर सारखंच खोटं असायचं. रिमोटवालं यंत्र निरीक्षकासमोर खरं बोलतं आणि रिक्षावाल्यासमोर खोटं. तपासणीला कोणी आलं की बटण दाबायचं, पाच लिटरचं माप बरोबर भरतं. समोर कोण उभं आहे ते बघून बदलणारं माप होतं ते.

पाच लिटरच्या मापाला आपल्याकडे २५ मिलीपर्यंतचा फरक चालवून घेतला जातो. पाच टक्क्यांच्या चोरीत तोच फरक २५० मिली होतो, परवानगीच्या दहापट. आता एका रिक्षाचा हिशेब करू. दिवसाला चार लिटर पेट्रोल धरलं तर दिवसाची तूट २०० मिली. वर्षात तीनशे दिवस रिक्षा चालली तर ६० लिटर. लिटरला शंभर रुपये धरले तर सहा हजार रुपये. एका घराच्या दोन मुलांच्या वह्या-पुस्तकांचा आणि गणवेशाचा खर्च त्यात भागतो. ‘तफीफ’ म्हणजे क्षुल्लक. क्षुल्लक कोणासाठी, हे यंत्राच्या कोणत्या बाजूला तुम्ही उभे आहात त्यावर ठरतं.

तपासायला गेलेली माणसं

ओल्या ढिगात हात घालण्याची किंमत आपल्या देशात किती आहे, हे दोन माणसांनी दाखवलं.

मंजुनाथ षण्मुगम मूळचे कर्नाटकातल्या कोलार गोल्ड फील्ड्सचे. लखनौच्या आयआयएममधून २००३ मध्ये शिकून बाहेर पडले आणि इंडियन ऑइलमध्ये विक्री अधिकारी झाले. उत्तर प्रदेशातल्या लखीमपूर खीरी भागातले पंप त्यांच्याकडे होते. गोला गोकर्णनाथ इथला एक पंप भेसळीवरून त्यांनी बंद करवला होता. तो पुन्हा सुरू झाल्यावर ते परत तपासायला गेले. १९ नोव्हेंबर २००५ रोजी गोळ्या घालून त्यांचा खून झाला. मृतदेह त्यांच्याच गाडीत सापडला. वय २७. सत्र न्यायालयानं २००७ मध्ये मुख्य आरोपीला फाशी आणि इतर सात जणांना जन्मठेप दिली. उच्च न्यायालयानं फाशीची जन्मठेप केली, दोघांना सोडलं. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सहा जणांची जन्मठेप कायम ठेवली.

दुसरं नाव आपल्या घरचं आहे. यशवंत सोनवणे हे मालेगावचे अपर जिल्हाधिकारी होते. मनमाडजवळच्या पानेवाडीत तेल कंपन्यांचे मोठे डेपो आहेत, तिथून टँकर राज्यभर जातात. २५ जानेवारी २०११ रोजी त्या भागात एका ढाब्याजवळ त्यांना टँकरमधून चोरी-भेसळीचा प्रकार चाललेला दिसला. ते थांबले आणि मोबाईलवर चित्रण करू लागले. त्यांच्यावर रॉकेल ओतून त्यांना भर दिवसा जिवंत जाळण्यात आलं. दुसऱ्या दिवशी प्रजासत्ताक दिन होता. मुख्य आरोपी त्याच घटनेत भाजला होता, तो काही दिवसांनी वारला. राज्यभरातले लाखो सरकारी कर्मचारी संपावर उतरले, ठिकठिकाणी छापे पडले, तपास पुढे सीबीआयकडे गेला.

त्या काळी रेशनचं रॉकेल डिझेलच्या जवळपास एक तृतीयांश भावात मिळायचं. गरिबाच्या चुलीसाठी आणि कंदिलासाठी सरकारनं स्वस्त केलेलं रॉकेल डिझेलमध्ये मिसळलं की प्रत्येक लिटरमागे घसघशीत नफा. म्हणजे एकाच टँकरमधून दोघांची चोरी होत होती: रेशनच्या रांगेत ज्याला ‘रॉकेल संपलं’ असं सांगितलं त्याची, आणि पंपावर ज्याच्या टाकीत ते मिसळलेलं गेलं त्याची. मालेगावच्या मुस्लीम वस्त्यांत यंत्रमागावर काम करणारी हजारो कुटुंबं तेव्हा रेशनच्याच रॉकेलवर स्वयंपाक करत होती. सोनवणे ज्या मापासाठी उभे राहिले त्यात त्या घरांचाही वाटा होता. आपल्या मुलांना हे नाव माहीत आहे का? मी वर्गात विचारते तेव्हा क्वचितच एखादा हात वर येतो. तो वर येत नाही यात मुलांचा दोष नाही, आपण सांगितलेलंच नाही.

दोन्ही घटनांत एक साम्य आहे. दोघंही माणसं जवळपास एकटी गेली होती. मुहतसिबाबरोबर त्याचे सहायक असत, आणि मागे क़ाज़ीचं आणि राज्याचं बळ असे. आपण निरीक्षकाला अधिकार देतो, पण निर्जन रस्त्यावर त्याच्या बाजूला कोणाला उभं करत नाही.

घेताना भरून, देताना कमी

आता सूरहमधल्या त्या दोन बाजूंकडे येऊ. पंपचालकांची बाजू ऐकल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. सगळे पंप चोर नाहीत. कित्येक मालक पिढीजात प्रामाणिकपणे धंदा करतात, आणि त्यांनाही माप कमी मिळतं. डेपोतून निघालेल्या टँकरमधून वाटेत इंधन काढलं जातं. म्हणून चालक-मालक टँकर आल्यावर कप्प्यात दांडी घालून उंची बघतात, घनता तपासतात, सील बघतात. ज्याला टँकरमध्ये फसवलं तो काही वेळा ती तूट गिऱ्हाइकाकडून भरून काढतो. ‘मलाही कमीच मिळालं’ हे त्याचं समर्थन असतं. घेताना पूर्ण मागायचं आणि देताना कमी द्यायचं, हा स्वभाव सूरहनं नेमका ओळखलेला आहे. वरच्यानं आपल्याला लुटलं म्हणून खालच्याला लुटण्याची सूट त्यात कुठंही नाही.

आणि गिऱ्हाईक? टाकी भरून पैसे न देता गाडी पळवणारेही आहेत. ती रक्कम अनेकदा नळी हातात धरणाऱ्या पोराच्या पगारातून कापली जाते. दिवसभर उन्हात आणि वाफेत उभं राहून तुटपुंजा पगार घेणाऱ्या त्या पोरावर ओरडून आपण न्याय मिळवला असं समजतो. चिप त्यानं बसवलेली नसते. रिमोट त्याच्या हातात असेल, पण फायदा सहसा दुसऱ्याच्या खिशात जातो.

परत कोणाला करणार?

आपल्या दीनमध्ये हुकूक़ दोन प्रकारचे सांगितलेत: अल्लाहचे आणि बंद्यांचे. अल्लाहच्या हक्कात कसूर झाली तर तौबेचा दरवाजा उघडा आहे. बंद्याचा हक्क मारला तर तौबेबरोबर तो परत करावा लागतो, किंवा त्याच्याकडून माफ करून घ्यावा लागतो. एखाद्यानं शेजाऱ्याचे हजार रुपये मारले, तर तो उद्या त्याच्या दारात जाऊ शकतो. पण पंपावर रोज पाचशे अनोळखी लोकांचे पन्नास-पन्नास मिली मारणारा कोणाच्या दारात जाणार? कोणी ट्रकवाला इंदूरला निघून गेला, कोणी बाई दवाखान्यात जाताना शंभरचं पेट्रोल टाकून गेली, कोणी आता हयातच नाही. उलेमा सांगतात, हक्कदार सापडतच नसेल तर त्याच्या नावानं सदक़ा करावा, पण आधी शोध घ्यायला हवा. एवढ्या लोकांचा शोध कोणी घेऊ शकत नाही. क्षुल्लक चोरी मोठ्या चोरीपेक्षा भारी पडते ती इथं.

हे जुम्याच्या खुतब्यात ऐकायला मिळायला हवं. आपल्या समाजात टँकर चालवणारे, गॅरेजवाले, पंपावर काम करणारे, यंत्रं दुरुस्त करणारे पुष्कळ आहेत. ‘हे सर्किट बदलून दे’ असं सांगायला कोणी येईल तेव्हा त्या कारागिराच्या मनात मुतफ्फिफीनचा अर्थ हजर असायला हवा. पाठ असून उपयोग नाही, अर्थ माहीत हवा.

आणि गिऱ्हाईक म्हणून आपल्याला काय करता येतं, तेही सांगते. नळी टाकीत जाण्याआधी काट्यावर शून्य बघा, आणि भरून होईपर्यंत नजर आकड्यावर ठेवा. मध्येच थांबवून पुन्हा सुरू केलं तर विचारा. शंभरऐवजी एकशे दहाचं टाकलं की फसवणूक होत नाही, असा समज आहे. सर्किटच बदललेलं असेल तर रक्कम कोणतीही सांगा, फरक पडत नाही. प्रत्येक पंपावर सरकारी शिक्क्याचं पाच लिटरचं माप ठेवावंच लागतं आणि ते भरून दाखवा म्हणण्याचा हक्क कोणत्याही गिऱ्हाइकाला आहे. भेसळीचा संशय असेल तर फिल्टर पेपर मागा, तो फुकट मिळतो. यंत्राची पडताळणी दरवर्षी व्हावी लागते, तिचं प्रमाणपत्र बघायला मागा. रिमोटवाल्या यंत्रावर हे माप बरोबर भरेलही, मी वर सांगितलंच. तरी मागा. मागणारे दहा जण झाले की रिमोट दिवसभर बंद ठेवावा लागतो. आणि तूट वारंवार जाणवली तर पावतीवरची तारीख-वेळ घेऊन वैध मापन शास्त्र विभागाकडे, कंपनीनं पंपावर लिहिलेल्या नंबरवर किंवा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर लेखी नोंद करा. यंत्र उघडून तपासायचं काम पोलीस आणि निरीक्षक करतात, आणि त्यांना कुठं उघडायचं हे बहुतेक वेळा अशा तक्रारींवरूनच कळतं.

निरीक्षक आला तर त्याच्याशी दोन शब्द बोला, त्याचं काम होईपर्यंत थांबा, गर्दी झाली तर तिथून पळू नका. यशवंत सोनवणे यांनी पानेवाडीत गाडी थांबवली तेव्हा त्यांच्या बाजूला उभं राहायला गावातली चार माणसं असती तर काय झालं असतं, हा विचार माझ्या मनातून जात नाही.